नाणेसंग्रह आणि उसना पैसा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवानिमित्त शेजारच्या दालनात नाण्यांचे प्रदर्शन मांडले आहे. त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी विश्वस्तांची आज्ञा झाली, तेव्हा नाण्यांचा इतिहास सांगावा, असेच माझ्या मनात होते. परंतु काल दुपारी युवक मंडळातील एक तरुण लिलावाची यादी घेऊन माझ्याकडे आला. यादीतील एका नाण्यावर त्याने पेन्सिलीने खूण केली होती. तो म्हणाला, "काका, असे नाणे पुन्हा येणार नाही. आत्ता पैसे नाहीत, पण कार्डावर घेतो आणि हप्त्याने फेडतो. घेऊ ना?" मी त्याला तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. आज आपणा सर्वांच्या समक्ष देतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. चाळीस वर्षांच्या संग्रहात तो मलाही अनेकदा पडला आहे आणि एकदा मी त्याचे उत्तर चुकीचे दिले आहे.

आपण व्यापारी माणसे. उधारी आपल्याला नवी नाही. माझ्या वडिलांचे कापडाचे दुकान निम्मे उधारीवरच चाले आणि दिवाळीच्या वहीपूजनात देण्याची पाने येण्याच्या पानांइतक्याच आदराने पुजली जात. म्हणून उधार म्हटले की वाईटच, असे मी म्हणणार नाही. परंतु उधारीवर आणलेले लुगडे महिन्या-दोन महिन्यांत विकले जाते आणि त्याच विक्रीतून त्याचे देणे फिटते. संग्रहासाठी घेतलेले नाणे विकण्यासाठी घेतलेलेच नसते. ते पेटीत जाते आणि पेटी काही उत्पन्न देत नाही. दुकानातला माल आणि पेटीतले नाणे यांतला हा फरक वडिलांना ठाऊक होता. मला तो कळायला उशीर लागला.

आपण नाशिककर आहोत, तेव्हा व्याजाची गोष्ट येथूनच सुरू करू. पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. उषवदात म्हणजे ऋषभदत्त. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आजही हे नाव ठेवतात. यांतील एका लेखात, ज्यात ४२ हे वर्ष दिले आहे, त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून दिल्याचे नोंदविले आहे. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, तर एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. हिशेब तंतोतंत जुळतो. आपल्या ट्रस्टच्या ध्रुवनिधीचे चिटणीस हा हिशेब पाहून प्रसन्न होतील, याविषयी मला शंका नाही.

आता आजच्या कार्डाचा हिशेब त्याच्या शेजारी मांडू. दिलेल्या मुदतीत संपूर्ण बिल भरले तर व्याज नाही, हे खरे. ज्याच्या बँकेत पैसे पडून आहेत आणि केवळ सोयीसाठी जो कार्ड वापरतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. परंतु बिल शिल्लक ठेवले की दरमहा शेकडा साडेतीनच्या आसपास व्याज लागते, तेही साधारणतः खरेदीच्या दिवसापासून, आणि त्या व्याजावर शेकडा अठरा कर. समजा, चाळीस हजारांचे नाणे घेतले आणि महिन्याला दोन हजार भरायचे ठरविले. पहिल्या महिन्याचे व्याज चौदाशे, त्यावरील कर दोनशे बावन्न. म्हणजे भरलेल्या दोन हजारांतून मुद्दलात जमा झाले अवघे तीनशे अठ्ठेचाळीस रुपये. याच गतीने फेडीत गेलात तर साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो आणि चाळीस हजारांच्या नाण्याचे एकूण शहाऐंशी हजारांच्या घरात द्यावे लागतात. उषवदाताचा दर ठेवीवरचा होता आणि हा कर्जावरचा आहे, हे मान्य. तरीही महिन्याला एक आणि महिन्याला साडेतीन, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

यावर तरुण मंडळी म्हणतात की नाण्याची किंमतही वाढते. वाढते, कधी वाढते, कधी नाही. लिलावात घेतो तेव्हा बोलीवर लिलावगृहाचे शुल्क आणि कर आपण भरतो. दुसऱ्या दिवशी तेच नाणे व्यापाऱ्याकडे नेले तर तो आपला नफा सोडून भाव सांगतो. म्हणजे नाणे घरी येताक्षणी बराच तोटा झालेला असतो आणि व्याजाचे घड्याळ त्यानंतर सुरू होते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठविता येत नाही. गिऱ्हाईक शोधायचे ते देशातच. ते शोधायला कधी आठवडा लागतो, कधी चार वर्षे. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दारात उभा असतो. नाणे तारण ठेवून पैसे उभे करू म्हणाल, तर तेथे दुर्मिळतेला कोणी विचारत नाही. विचारलेच तर धातूचे वजन विचारतात.

शिवाय, "पुन्हा मिळणार नाही" या वाक्यावर तर मुळीच विसंबू नये. त्याचा दाखलाही आपल्याच जिल्ह्यातला आहे आणि त्याच नहपानाचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी नहपानाची चांदीची नाणी अगदी मोजकी ज्ञात होती. १९०६ साली जोगळटेंभी येथे एक साठा सापडला आणि त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी निघाली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटविले होते. इतिहासाला त्या साठ्याने फार मोठे दान दिले; सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळविलेला विजय लोकांना हातात धरून पाहता आला. परंतु १९०५ साली कोणी सावकाराकडून पैसे काढून नहपानाचे एक नाणे घेतले असेल, त्याची १९०६ साली काय अवस्था झाली असेल? जमिनीच्या पोटात काय आहे, हे लिलावाच्या यादीत छापलेले नसते.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा मी काल रात्री बराच विचार केला.

२०११ साली एका परगावच्या प्रदर्शनात मला सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया दिसला. संग्राहकांना या रुपयाचे मोल सांगायला नको. बारा भागांत अकरा भाग चांदी असलेल्या जुन्या रुपयांच्या मालिकेतला हा शेवटचा; १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९३९ चे रुपये फारच थोडे उरले. विक्रेत्याने साठ हजार सांगितले. हा भाव चालू भावापेक्षा कमी होता आणि हीच खूण मी ओळखायला हवी होती. रविवारची संध्याकाळ होती, प्रदर्शन आवरत आले होते. खिशात एवढी रोख नव्हती. आज मला वाटते, ती माझी पुण्याई होती; पण खिशात कार्डही होते.

घरी येऊन वजन केले. ११.६६ ग्रॅम, अगदी बरोबर. चांदी बरोबर, आवाज बरोबर. पंधरा दिवसांनी एका जाणकार स्नेह्याने भिंगाखाली पाहिले आणि काही न बोलता भिंग माझ्याकडे दिले. १९३८ चा खरा रुपया होता. शेवटचा आठ कोरून त्याचा नऊ केला होता. नऊच्या शेपटीभोवतीची जमीन किंचित खरवडलेली स्पष्ट दिसत होती. नाणे खरे, एक आकडा खोटा. विक्रेत्याचा दूरध्वनी तोपर्यंत बंद झाला होता.

मित्रहो, माझा मुद्दा फसवणुकीचा नाही. फसवणूक रोखीच्या व्यवहारातही होते. माझ्याजवळ कार्ड नसते तर साठ हजार जमवायला मला आठ-दहा महिने लागले असते. त्या महिन्यांत मी पुस्तके उघडली असती, दुसरे १९३९ चे रुपये पाहिले असते, त्याच स्नेह्याकडे गेलो असतो. अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था आपल्यापासून तासाभराच्या आत आहे. तेथे चक्कर मारली असती. पैसे साठवण्याचा काळ हाच अभ्यासाचा काळ असतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. कर्जाने तो काळच विकत घेतला आणि मला वाटले की मी नाणे विकत घेतले.

आपल्याच समाजातील ठक्कुर फेरू यांची येथे आठवण होते. हे श्रीमाळ जैन गृहस्थ दिल्लीच्या खिलजी दरबारात टाकसाळीच्या कामाशी संबंधित होते. १३१८ साली त्यांनी 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या राज्यांची नाणी, त्यांचे वजन, त्यांतील चांदी-सोन्याचे प्रमाण आणि त्यावरून ठरणारे मूल्य, असे सर्व त्यात आहे. आधी परीक्षा, मग मोल. मी हा ग्रंथ दोनदा चाळला होता आणि तरीही भर बाजारात क्रम उलटा केला.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्या वर्षी दुकानाची स्थिती बरी नव्हती. बिल शिल्लक राहत गेले, व्याज चढत गेले आणि ते घरी कळू नये म्हणून मी शिवरायांचा खण विकला. शिवराई म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाचा तांब्याचा पैसा. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. अक्षरांच्या ठेवणीत, ऱ्हस्व-दीर्घात, ठिपक्यांच्या कडेत एवढे प्रकार की आयुष्य पुरत नाही. चौदा वर्षे बाजारांतून, भांड्याच्या मोडीतून, तांबटांकडून मी एकशे बारा शिवराया वेचल्या होत्या. प्रत्येकीचे कागदी पाकीट होते आणि त्यावर ती कोठे मिळाली, कोणत्या गावच्या माणसाने दिली, अक्षर कसे आहे, हे लिहिलेले होते. ज्यांनी त्या घेतल्या, त्यांनी सर्व नाणी एका पिशवीत ओतली. म्हणाले, "पाकिटे राहू द्या शेठ, उगाच जागा अडते." अडतीस हजार मिळाले. पैशाचे दुःख दोन वर्षांत विसरलो. कोणती शिवराई कोणत्या गावची, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, ते मात्र विसरता येत नाही. कर्ज फेडताना माणूस खोटे नाणे विकू शकत नाही; चांगलेच विकावे लागते.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र, वास्तू यांच्याबरोबर हिरण्यही मोजले आहे. मी शास्त्राचा अधिकारी नाही. येथे बसलेल्या ज्येष्ठांनी चूक दुरुस्त करावी. परंतु मर्यादा घालायची ती आपल्याजवळ असलेल्यावर की अजून न कमावलेल्यावरही, असा प्रश्न मला पडतो. संग्राहकाला व्रत पाळणे कठीण, हे मी स्वतःवरूनच जाणतो.

तर त्या तरुणाला माझे उत्तर असे. व्याजाच्या पैशाने नाणे घेऊ नकोस. पुढे दुप्पट भावाने विकू, या आशेने तर नकोच. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या खोट्या आमिषांविषयी रिझर्व्ह बँकेला २०२१ साली लोकांना सावध करावे लागले होते, हे लक्षात ठेव. उधारीचा एकच प्रकार मला मान्य आहे. काही जुने व्यापारी ओळखीच्या संग्राहकासाठी नाणे बाजूला काढून ठेवतात. पैसे सवडीने द्यायचे, व्याज नाही, आणि पूर्ण रक्कम होईपर्यंत नाणे त्यांच्याकडेच. मधल्या काळात मन पालटले तर दोघांचे संबंध बिघडत नाहीत. लिलावगृह असे थांबत नाही, म्हणून लिलावातले ते नाणे बहुधा दुसऱ्या कोणाकडे जाईल. जाऊ दे. आज सकाळी आम्ही दोघांनी ती यादी पुन्हा पाहिली. त्याच यादीत दोन पाने पुढे, त्याच्या शिलकीत बसणारे एक नाणे होते आणि त्याच्याकडे त्याचे लक्षच गेलेले नव्हते. त्याविषयी वाचण्यासाठी त्याने माझ्याकडून दोन पुस्तके नेली आहेत.

त्या एकशे बारा शिवरायांची रिकामी पाकिटे मी टाकलेली नाहीत. शेजारच्या दालनात खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावर ती ओळीने मांडली आहेत. काल काही भगिनींनी विचारले की यांत नाणी घालायची राहिली का. प्रदर्शन उद्या सायंकाळी सात वाजेपर्यंत खुले आहे. मुलांना घेऊन अवश्य यावे.