आवाजातील भाव आणि यंत्राचा कान

‘बरं’ हा मराठीतील अगदी लहानसा शब्द. तो होकाराला चालतो, प्रश्नाला चालतो आणि रुसव्यालाही चालतो. ‘या सुट्टीत येणे जमत नाही’ असे मुलाने दूरध्वनीवर कळविले आणि पलीकडून आईने नुसते ‘बरं’ म्हटले, तर त्या ‘बरं’चा अर्थ कोणत्याही शब्दकोशात सापडावयाचा नाही. मुलाला मात्र तो तत्काळ कळतो. स्वराच्या या करामतीला आपल्या साहित्यशास्त्राने ‘काकु’ असे नाव दिले आहे. घरातल्या काकूशी तिचे नाते नाही. ही काकु यंत्राला उमगेल काय, हा प्रश्न संगणकशास्त्रापुढे गेली तीस-चाळीस वर्षे उभा आहे.

यंत्राला शब्दांमागचे मन दिसत नाही. त्याच्या वाट्याला येतात त्या ध्वनिलहरी. त्यांतून स्वराची उंची, जोर, बोलण्याचा वेग, मध्ये पडणारे विराम आणि आवाजातील कंप एवढे त्याला मोजता येते. १९८९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जॅनेट कान यांनी हीच मापे उलट्या दिशेने वापरली. बोलणाऱ्या यंत्राचा स्वर, वेग व विराम बदलून त्याच्या तोंडी राग, दुःख, आनंद घालण्याचा तो प्रयत्न होता. ऐकणाऱ्यांनी दुःख सहज ओळखले. इतर भावांविषयी त्यांची बरीच गफलत झाली. पुढे १९९७ साली त्याच संस्थेतील रोझालिंड पिकार्ड यांच्या ग्रंथाने भावनाविषयक संगणनाला स्वतंत्र शाखेचे रूप दिले.

यंत्राला शिकवावयाचे तर नमुने हवेत. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात पाच नट व पाच नटी यांच्याकडून दहा साधी वाक्ये निरनिराळ्या भावांत म्हणवून घेण्यात आली, आणि तो संग्रह २००५ साली प्रसिद्ध झाला. फडके शीतकपाटावर पडले आहे, असल्या निरुपद्रवी मजकुराची ही वाक्ये. तेच वाक्य एकदा संतापाने म्हणावयाचे, एकदा भीतीने, एकदा कंटाळून! जगभरच्या संशोधकांनी आपली यंत्रे या संग्रहावर पारखली. तेथे एक गोष्ट वारंवार आढळली, ती ही की आनंद आणि क्रोध यांत यंत्र गोंधळते. दोन्हींत स्वर चढतो, दोन्हींत जोर वाढतो. खळबळ किती, हे यंत्राला कळते. ती सुखाची की दुःखाची, हे सांगताना ते अडखळते.

या अडखळण्याचे मूळ यंत्रात नसून भावनेच्या उपपत्तीत आहे. विल्यम जेम्स यांनी १८८४ साली असे प्रतिपादिले की, शरीरात आधी बदल होतात आणि त्या बदलांची जाणीव म्हणजेच भावना. हे खरे मानले तर शरीराची मोजदाद ही भावनेचीच मोजदाद ठरेल, आणि यंत्रकारांना याहून सोयीचा सिद्धांत मिळणे कठीण. परंतु वॉल्टर कॅनन यांनी १९२७ साली त्यावर मार्मिक आक्षेप घेतला. भय असो वा क्रोध, शरीराच्या आतील बदल बहुतांशी सारखेच असतात; इतकेच नव्हे, तर तापात आणि थंडीतही ते घडून येतात. मग त्यांवरून भावना ओळखावी कशी?

नाट्यशास्त्राच्या वाचकाला येथे ओळखीची खूण पटेल. भरताने आठ सात्त्विक भावांत स्वरभेदाची, म्हणजे आवाज फुटण्याची गणना केली आहे. त्याची कारणे सांगताना तो भय, हर्ष व क्रोध यांच्याच पंक्तीत रोग आणि मद यांना बसवितो. अश्रूंच्या कारणांत तर शोक आणि आनंद यांच्या जोडीला धूर आणि डोळ्यांतले अंजनही आहे. नटाला शिकविणाऱ्या शास्त्रकाराचा हा सावधपणा मोठा लक्षणीय होय. त्याच्या मते रसनिष्पत्तीला अनुभाव एकटा पुरत नाही. विभाव, म्हणजे कारण व प्रसंग, सोबत लागतो. बर्लिनच्या संग्रहात अनुभाव होता, तोही अभिनयाचा. विभाव जाणूनबुजून पुसून टाकला होता.

चेहऱ्याच्या बाबतीतही हेच घडले. पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांत संशोधन करून काही मूलभूत भावना आणि त्यांचे चेहरे सर्व मानवजातीत समान असल्याचे मांडले. ही यादी यंत्रांनी आयती उचलली. २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. रागावलेली माणसे नेहमीच भुवया आकसत नाहीत, आणि भुवया आकसणारी सारीच माणसे रागावलेली नसतात, असे त्यातून निष्पन्न झाले.

हा वाद ग्रंथालयात राहिला असता तर चिंतेचे कारण नव्हते. परंतु दूरध्वनीवर गाहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या नोकरांचा आवाज मोजणारी यंत्रे बाजारात आली आहेत. पडशाने घसा बसलेल्या एखाद्या मुलीच्या नावापुढे यंत्राने ‘निरुत्साही’ अशी नोंद केली, तर ती नोंद वरिष्ठाच्या मेजावर जाते. पडसे जात नाही. आकड्याशी वाद घालण्याचे बळ त्या मुलीजवळ कोठून यावे?

युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्याने कामाच्या जागी व शिक्षणसंस्थांत माणसाच्या आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून भावना ताडणारी यंत्रे निषिद्ध ठरविली. वैद्यकीय आणि सुरक्षिततेच्या कारणांपुरता त्याला अपवाद आहे. २ फेब्रुवारी २०२५ पासून हा निषेध लागू झाला. त्यानुसार बोलणाऱ्या नोकराच्या आवाजाला तेथे संरक्षण मिळाले. तारेच्या दुसऱ्या टोकाला बोलणाऱ्या गाहकाचा आवाज मात्र या निषेधाच्या कक्षेत येत नाही. त्याला यंत्राची पूर्वसूचना द्यावी लागते, इतकेच.