गच्चीवरची भिंगरी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



गच्चीवरच्या पवनचक्कीबद्दल बोला म्हणालात. मुलं तिला भिंगरी म्हणतात, सेक्रेटरी ‘अनधिकृत बांधकाम’!

भंगारवाल्याकडून २०० लिटरचं पत्र्याचं पिंप आणलं, उभं चिरलं आणि दोन्ही अर्धुकं थोडी सरकवून उभ्या दांड्यावर बसवली; वरून इंग्रजी ‘एस’ दिसतो. युक्ती माझी नव्हे, फिनलंडच्या सिगुर्ड सावोनियस यांची, १९२० च्या दशकातली. पोकळ बाजूत वारा अडतो, फुगीर बाजूवरून घसरतो. त्यामुळे वारा कुठूनही येवो, ती फिरते.

वीज मात्र बेताची. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ताकद एक-अष्टमांश उरते. जिन्यातले सगळे दिवे लावीन, ही सर्वसाधारण सभेतली माझी घोषणा वाऱ्यावरच गेली. टाकीजवळचा एक छोटा एलईडी लागतो.

पहिल्या पावसाळ्यात सांगाडा थेट स्लॅबला बोल्ट केला होता. (वॉटरप्रूफिंग फुटलं, त्याचं बिल मी भरलंय!) खालच्या फ्लॅटमधल्या आजी आजारी होत्या. त्यांच्या मुलाने घरघरीची तक्रार केली, तर मी चार महिने त्याच्याशी बोललो नाही. शेवटी एका रात्री आजींनीच बोलावलं, आपल्या खाटेवर पडून ऐकायला लावलं. पाच मिनिटंसुद्धा काढवेनात.

सकाळीच सांगाडा उतरवला. शिडी त्यांच्या मुलाने धरली. आता पायांखाली जुन्या टायरचे तुकडे आहेत आणि रात्री दहाला भिंगरी दोरीने बांधतात. माझे गुडघे गेले, त्यामुळे ती दोरी हल्ली तोच बांधतो.