इंटरनेटचे व्यसन आणि शोधाचा खेळ

(राजूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



श्रीराजुरेश्वराच्या पायथ्याशी भरलेल्या या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी वक्त्याने ज्ञातीच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे आणि शिष्यवृत्ती निधीस सढळ हाताने साहाय्य करण्याची विनंती करून आसनावर बसावे, असा प्रघात आहे. तो मोडण्याची आम्हांस हौस नाही. परंतु सकाळी मंडपात प्रवेश करताना आम्ही जे पाहिले, त्यामुळे विषय बदलणे भाग पडले. मंडपाच्या मागील बाजूस आपली वीस-पंचवीस मुले भिंतीला टेकून बसली होती. त्यांत भांडण नव्हते, गोंगाट नव्हता, पळापळ नव्हती. प्रत्येकाची मान खाली आणि दृष्टी हातातील फोनवर. मुले एकत्र जमली असता एवढी शांतता असावी, हे शुभलक्षण नव्हे.

हा दोष मुलांचा, असे म्हणून मोकळे होता येत नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्याच्या घरी दुसरा फोन नव्हता त्याने कर्ज काढून तो घेतला आणि अभ्यासासाठी म्हणून मुलाच्या हाती दिला. तो देताना आपण आनंदाने दिला. पुढे शाळा उघडल्या, पण हातात गेलेली वस्तू परत आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगसूचीत डिजिटल खेळांच्या व्यसनास विकार म्हणून स्थान दिले आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळास अधिक महत्त्व येणे आणि हानी होत असतानाही खेळ चालूच राहणे, ही त्याची लक्षणे होत. तेव्हा हा केवळ हट्टीपणा नव्हे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

आता थोडे घरातील सांगतो. ज्याच्याविषयी सांगावयाचे, त्या आमच्या नातवाची अनुमती आम्ही घेतली आहे. शहरात नववीत शिकणारा हा मुलगा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात खेळत असे. एके दिवशी आईच्या लक्षात आले की, खेळातील पात्रांचे पोषाख व शस्त्रे यांपायी तिच्या खात्यातून अकरा हजार रुपये गेले आहेत. वडिलांनी हात उगारला व फोन काढून घेतला. त्या रात्री मुलगा घरातून निघून गेला. पहाटे तो बसस्थानकाच्या बाकावर सापडला. वडील त्याच्याशी बोलेनात, तो कोणाशीच बोलेना. ‘काही दिवस तुमच्याकडे न्या,’ असे सूनबाई म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या आवाजात जे भय होते, ते आम्ही विसरणार नाही.

त्यास आम्ही राजूरला घेऊन आलो. पहिले चार दिवस उपदेश केला. त्याचे फळ शून्य. ज्याच्या हातून आपण काही काढून घेतो, त्याच्या हातावर दुसरे काही ठेवावे लागते, हे साधे व्यवहारज्ञान आम्हांस पाचव्या दिवशी सुचले. परंतु ठेवावे काय?

येथे एका खेळाची माहिती देणे अवश्य आहे. इंग्लंडातील डार्टमूर या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर नावाच्या दुर्गम स्थळी एक बाटली ठेवली. जो तेथवर चालत जाईल त्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे, एवढाच बेत. त्यातून चिठ्ठ्यांच्या पेट्या लपविण्याचा व शोधण्याचा छंद वाढला. पुढे उपग्रहांच्या साहाय्याने स्थान कळू लागले. त्या संकेतांत अमेरिकेने सर्वसामान्य लोकांसाठी हेतुपूर्वक ठेवलेली अशुद्धी २ मे २००० रोजी दूर झाली आणि पूर्वी शंभर मीटरपर्यंत चुकणारे यंत्र काही मीटरांत जागा दाखवू लागले. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर या गृहस्थाने एक बादली रानात लपविली, तीत वही, पेन्सिल व काही किरकोळ वस्तू ठेवल्या आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. सापडेल त्याने काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी, हा नियम. जिओकॅशिंग नावाने हा खेळ आज जगभर चालतो. ज्या यंत्राने मुलास खोलीत कोंडले, तेच यंत्र येथे त्यास रानात नेते, हे त्यातील मर्म होय.

आम्ही घरातील डबा घेतला. त्यात वही, पेन्सिल व गूळ-शेंगदाण्यांची पुडी ठेवली आणि ओळखीच्या शेतकऱ्यास विचारून त्याच्या बांधावरील कडुनिंबाच्या बुंध्याशी तो दगडांआड ठेवला. नातवाच्या हाती कागद दिला. त्यावर दिशा व पावले लिहिली होती. तो म्हणाला, ‘आजोबा, मिळणार काय त्यात?’ आम्ही म्हणालो, ‘पाच रुपयांची पेन्सिल.’ कित्येक महिन्यांनी तो हसला, परंतु अर्ध्या वाटेवरून परत आला. दुसऱ्या दिवशी आमचाच फोन देऊन त्यातील नकाशा वापरण्यास सांगितले. डबा त्यास सापडला. वहीत त्याने तारीख घातली आणि गूळ खाल्ला. पण संध्याकाळी पुन्हा तोंड फिरवून बसला.

खरा पालट तिसऱ्या दिवशी झाला, आणि तो आमच्या युक्तीने झाला नाही. तो म्हणाला, ‘आज मी लपवतो, तुम्ही शोधा.’ आम्ही दोन तास हिंडलो. गुडघे बोलू लागले, घाम फुटला. डबा काही सापडेना. शेवटी त्याने आमचा हात धरला, बांधावरून सावकाश उतरविले आणि ज्या दगडापाशी आम्ही तीनदा उभे राहिलो होतो, त्याच्यामागील डबा दाखविला. येताना वाटेत तो आपण होऊन बोलू लागला. बसस्थानकावरील त्या रात्रीविषयी बोलला. ‘मला घरी यायचे होते, पण बाबा मारतील असे वाटले,’ एवढे एकच वाक्य. ते ऐकण्यासाठी आम्हांस दोन तास चालावे लागले.

बंधु-भगिनींनो, याच राजूरची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गणेशपुराणात वरेण्य राजाचे आख्यान आहे. गजाननाचे आगळे रूप पाहून त्या बालकास अरण्यात सोडून देण्यात आले आणि पराशर ऋषींनी त्यास वाढविले. पुढे त्याच पुत्रापुढे वरेण्याने पश्चात्तापपूर्वक हात जोडले व त्याच्या मुखातून गणेशगीता ऐकली. हे स्थळ राजूरच होय, अशी येथील श्रद्धा आहे. आम्ही हे आख्यान अनेकदा ऐकले, पण त्याचा अर्थ त्या बांधावर उमगला. आपण मुलांना अरण्यात सोडले नाही, हे खरे. आपण त्यांना त्याहून घनदाट रानात सोडले आणि स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसून आपला फोन पाहत राहिलो.

या खेळाने गुण का यावा, याचा आम्ही विचार केला. पडद्यावरही मूल शोधच घेत असते. पुढच्या क्षणी काय येईल याचा नेम नसतो, म्हणूनच बोट थांबत नाही. परंतु तो शोध संपावा अशी रचनाच तेथे नाही. संपला तर धंदा बुडेल. रानातील शोधास शेवट आहे. डब्याचे झाकण उघडले की शोध संपतो, पाय दुखतात, भूक लागते, झोप येते. शोधण्याची ओढ वाईट नव्हे. अंत नसलेला शोध वाईट. शिवाय पडद्यावर जिंकणारा एकटाच जिंकतो. येथे लपविणारास शोधणारा लागतो.

सर्व काही गोड झाले, असे सांगून आम्ही आपली दिशाभूल करणार नाही. दिवाळीत तो शहरात परतला आणि पंधरा दिवसांत पुन्हा रात्री जागू लागला. तेव्हा आम्ही त्याच्या वडिलांना निरोप धाडला की, उपदेश नको, रविवारी त्याच्याबरोबर चाला. पहिले दोन रविवार बापलेक मुकाट्याने चालले. तिसऱ्या रविवारी डबा कोणी लपवावा यावरून वाद झाला, तेव्हा आम्हांस बरे वाटले. एका मानसोपचारतज्ज्ञाचा सल्लाही घेतला आणि त्याचा उपयोग झाला. आज तो रोज तासभर खेळतो. रात्री घरातील सर्वांचे फोन देवघराजवळच्या फळीवर असतात, वडिलांचाही.

ज्यांच्या मुलांची झोप, जेवण किंवा शाळा सुटली असेल, त्यांनी केवळ खेळावर विसंबू नये. वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केला. परंतु कायदा दाराबाहेर उभा राहतो. घरातील काम घरच्यांनीच करावयाचे असते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ते करून दाखविले. संध्याकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजतो आणि दीड तास गावातील दूरदर्शन संच व फोन बंद ठेवावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. एका कुटुंबास जे जड जाते, ते गावाने मिळून केले. ज्ञातिसंस्था हेही एक विखुरलेले गावच नव्हे काय?

म्हणून मंडळापुढे आमची सूचना अशी की, दर वर्षी या मेळाव्यातील एक सकाळ शोधाच्या खेळास द्यावी. चार-चार मुलांचे गट करावेत, प्रत्येक गटात एक वडीलधारा असावा आणि गटास फोन एकच असावा. डबे सकाळीच ठेवून दुपारपूर्वी मोजून परत आणावेत. शेतमालकाची परवानगी घ्यावी. विहिरी, रस्ते व सापकिरडूंच्या जागा टाळाव्यात, आणि उन्हाळ्यात नऊनंतर कोणासही रानात ठेवू नये. मंदिर व जुन्या वास्तू यांच्या भिंतींत काही लपवू नये. मुख्य म्हणजे जमीन मुळीच उकरू नये. आपल्या भागात गुप्तधनाच्या नावाने जे अघोरी प्रकार घडत आले, ते रोखण्यासाठी २०१३ साली महाराष्ट्रास कायदा करावा लागला. तेव्हा कुदळ घेतलेली मुले पाहून गावाने शंका घेतली तर नवल नाही. आपल्या खेळास ‘खजिना’ न म्हणता ‘शोध’ म्हणावे, हे बरे.

आणि शोधण्याजोगे आपल्या तालुक्यात काय थोडे आहे? भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भरहूत येथील शिलालेखांत या नगरीच्या दात्यांची नावे आहेत. १९७३-७४ च्या सुमारास तेथे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग मिळाला. इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य विद्वानांनी दाखविले आहे. अन्वा येथील कोरीव शिवमंदिर याच तालुक्यात आहे. डब्यातील चिठ्ठीवर असा एखादा प्रश्न लिहिला, तर उत्तरासाठी मुले आजोबांना विचारतील आणि आजोबांनाही पुस्तक उघडावे लागेल.

उद्या सकाळी साडेसहा वाजता मंडपाच्या दारापासून पहिला शोध निघेल. डबे आमच्या नातवाने लपविले आहेत आणि जागा त्याने आम्हांसही सांगितलेल्या नाहीत. मुलांना पाठवा, अशी विनंती आम्ही करीत नाही. मुलांबरोबर या, अशी विनंती करतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी अवश्य यावे. हात धरणारे कोणी तरी भेटेल.