अखेरच्या प्रवासाचे ऋण



रुग्ण बरा होऊन घरी निघाला, की त्याला निरोप द्यायला दहा माणसे जमतात. रुग्ण दगावला, तर त्याचे नातलग रुग्णालयाच्या दारात बहुधा एकटेच उभे असतात. आजचा विषय त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आसाम, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून कर्करोगाचे रुग्ण तेथे येतात. अनेकांनी जमीन गहाण टाकलेली असते, दागिने मोडलेले असतात. सोबतीला एखादाच माणूस आणि शहराची भाषाही परकी. महिनोन्महिने उपचार होतात, गाठीचा पैसा संपतो आणि एका रात्री रुग्ण डोळे मिटतो. मग प्रश्न उभा राहतो, पार्थिव गावी न्यायचे कसे?

मुंबई ते गुवाहाटी हे अंतर रस्त्याने अडीच हजार किलोमीटरहून अधिक आहे. विमानाने न्यायचे, तर मृत्यूचा दाखला, पोलिसांचे ना-हरकत पत्र, देह टिकविण्याची प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र आणि शवपेटी, हे सारे आधी जुळवावे लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका जिवंत रुग्णासाठी असते. खिसा रिकामा असेल, तर अंत्यसंस्कार परक्या शहरातच उरकावे लागतात. गावाकडच्या आईला मुलाचे मुख शेवटचे पाहता येत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये ओडिशातील कालाहांडी जिल्ह्यात एक वनवासी पती पत्नीचे पार्थिव खांद्यावर घेऊन सुमारे दहा किलोमीटर चालला. सोबत रडणारी मुलगी होती. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. त्याच वर्षी ओडिशा सरकारने ‘महाप्रयाण’ ही मोफत शववाहिका योजना सुरू केली. परंतु शासनाला जाग येण्यासाठी एका पित्याला आणि लेकीला रस्त्यावर यावे लागले, हे विसरता येणार नाही.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील प्रतिष्ठेचा अधिकार मृतदेहालाही लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९९५ मध्ये म्हटले. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यानेही अंत्यसंस्कार आणि पार्थिवाची वाहतूक कराच्या कक्षेबाहेर ठेवली. परदेशात निधन पावलेल्या भारतीयांसाठी आपल्या दूतावासांकडे २००९ पासून कल्याण निधी आहे. निराधार कुटुंबाच्या माणसाचे पार्थिव त्यातून मायदेशी आणता येते. आखातातून घरी येण्याची सोय होऊ शकते, मग परळहून गावी जाण्याची का होऊ नये?

सोळा संस्कारांत अंत्येष्टी हा शेवटचा. तो ज्याच्यावर व्हायचा, त्याला स्वतः काहीच मागता येत नाही. म्हणून ही जबाबदारी समाजाची. संत गाडगेबाबांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या दादरच्या धर्मशाळेने परगावच्या रुग्णांना आसरा दिला. रुग्ण जिवंत असताना छत देणारा समाज, तो गेल्यावर त्याला घरी पोहोचविण्यासही समर्थ आहे.

त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी संपर्क ठेवणारे दोन कार्यकर्ते, शववाहिकेच्या भाड्यासाठी राखीव छोटा निधी आणि रात्री-अपरात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी एवढे पुरे. भाडे थेट वाहनचालकाला द्यावे, म्हणजे शोकाकुल माणसाला घासाघीस करावी लागणार नाही. कागदपत्रांसाठी कार्यकर्त्याने सोबत जावे. मदत करताना छायाचित्र काढू नये, जातपात विचारू नये. एखाद्या कुटुंबाला येथेच अग्निसंस्कार करून अस्थी न्यावयाच्या असतील, तर त्यालाही तेवढेच साह्य करावे. निर्णय कुटुंबाचा असावा, रिकाम्या खिशाचा नसावा.

या मदतीची परतफेड कधीच होणार नाही. मृतदेहासोबत गेलेला माणूस पुन्हा भेटणारही नाही. परंतु दूरच्या एखाद्या गावात, घराच्या अंगणात, एक आई आपल्या लेकराच्या कपाळावरून शेवटचा हात फिरवील. तेवढ्यासाठी आपण तयार असावे, हीच नम्र विनंती.