आपला ब्लॉग, आपलाच सर्व्हर



बक्षीस समारंभ आटोपला आणि तुम्हांला आता फिशपाँडची घाई झाली आहे, हे मला इथूनही दिसतंय. तेव्हा एकच विषय घेतो.

शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरलेले असतात. ग्रंथालय व्यवस्थापन, नाहीतर हॉस्पिटल व्यवस्थापन! परीक्षक चहा पिऊन गेले की ते पुन्हा कोणी उघडत नाही. त्यापेक्षा स्वतःचा ब्लॉग उभा करा. लेख तुमचे, मागचा कोड तुमचा आणि सर्व्हरही तुमचाच. स्वतःपुरत्या कामातूनही मोठं काही घडतं: रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४मध्ये आपला ऑनलाइन बायोडेटा किती जण बघतात हे मोजायला छोटे प्रोग्रॅम लिहिले. पुढे त्यातूनच पीएचपी आली.

आणि ब्लॉग मराठीत करा. भाषाभिमान म्हणून नव्हे, त्यात शिकायला जास्त मिळतं म्हणून. 'विद्यार्थी' या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्टला लांबी विचारलीत तर ती दहा सांगते, आणि यूटीएफ-८मध्ये साठवायला तीस बाइट लागतात. मुखपृष्ठावर लेखाची सुरुवात दाखवताना ठरावीक आकड्यावर मजकूर कापलात, की एखादा विद्यार्थी 'विद्'वरच लटकतो. इंग्रजीत ब्लॉग लिहिणाऱ्याच्या वाट्याला हा बग सहसा येत नाही.

सर्व्हरसाठी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. घरच्या वायफायवर ब्लॉग झकास उघडेल, मित्राच्या मोबाइलवर उघडणार नाही. मग शोधाशोध सुरू. राउटरमध्ये पोर्ट उघडलंय का? मुळात इंटरनेट कंपनीने आपल्याला वेगळा पब्लिक आयपी दिलाय, की एकच अनेक ग्राहकांत वाटलाय? पेपरात या वाटपाची, म्हणजे नॅटची, आकृती काढून गुण मिळतात. नॅट कळतं ते इथे. नाहीच जमलं तर भाड्याचा छोटा सर्व्हर घ्या, त्यात कमीपणा नाही.

एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून फुकट मिळतं. त्याची मुदत संपते, तेव्हा नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करा. बॅकअप दुसऱ्या मशीनवर ठेवा, आणि एकदा तरी तो परत चढवून बघा.

एआयकडून कोड लिहून घ्यायचा तर खुशाल घ्या. मात्र सर्व्हर बंद पडला की लॉग वाचायला स्वतः बसा.

सुट्टी लागली की सुरुवात करा. सर्व्हर कसा उभा केला, यावरच पहिला लेख लिहा आणि पत्ता तुमच्या सरांकडे द्या. मी नक्की वाचेन.