कॅमेरा घेण्यापूर्वी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आज किराणा दुकानापासून बेकरीपर्यंत आणि शहरातील फ्लॅटपासून गावच्या बंद घरापर्यंत सुरक्षा कॅमेरे लागत आहेत. पैसा कष्टाचा असतो. परंतु खरेदी मात्र ‘आठ कॅमेऱ्यांचा सेट कितीला?’ या एकाच प्रश्नावर होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावयास हवा : या कॅमेऱ्याने मला नेमके काय सांगितले पाहिजे?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने हाच प्रश्न विचारला होता. दार न उघडता बाहेर कोण आहे हे कळावे, एवढेच तिला हवे होते. पती अल्बर्ट यांच्यासह तिने दाराच्या निरनिराळ्या उंचीवरील छिद्रांतून पाहणारा कॅमेरा, आत दूरचित्रवाणी संच, बोलण्याची सोय आणि दुरून दार उघडण्याची कळ अशी योजना आखली. १९६६ साली अर्ज केला, १९६९ साली पेटंट मिळाले. एकच कॅमेरा, पण त्याचे काम ठरलेले!

आता थोडे गणित. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १९२० व उभे १०८० ठिपक्यांचे असते. अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटण्यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीला सुमारे २५० ठिपके लागतात. ओळखीचा माणूस ओळखण्यास १२५ पुरतात. कोणीतरी आहे एवढेच कळण्यास २५. विद्यार्थी मित्रांनो, १९२० ला २५० ने भागा. साडेसात मीटरहून थोडे अधिक येते. दृश्य याहून रुंद झाले की अनोळखी चेहरा हातचा गेला. बाजारात सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची लेन्स अवघ्या तीन मीटर अंतरावरच एवढी रुंदी व्यापते. म्हणून कोपऱ्यात छताला टांगलेला कॅमेरा दुकान दाखवितो, गर्दी दाखवितो, मान खाली घालून गेलेल्या चोराचे तोंड दाखवीत नाही. सबंध दुकानासाठी रुंद लेन्स ठीक; दारावर मात्र ६ मिलिमीटरची अरुंद लेन्स, आणि तीही फार उंच नको. असे नीट लावलेले दोन कॅमेरे कसेही टांगलेल्या आठांपेक्षा बरे.

दुकानाच्या आतून रस्त्याकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात दुपारी गिऱ्हाईक काळी सावली होऊन येते. तेथे प्रखर उजेड सांभाळणारी सोय लागते. विक्रेते तिला ‘डब्ल्यूडीआर’ म्हणतात. रात्री कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे जवळच्या भिंतीवर किंवा काचेवर पडले की चित्र पांढरे होते. कोळ्याच्या जाळ्यानेही तेच होते, तेव्हा घरात झाडू असतो तो अधूनमधून तिकडेही फिरवावा.

नोंद किती दिवस राहील, हेही आधीच विचारावे. एका कॅमेऱ्याची नोंद सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने होत असेल, तर दिवसाला सुमारे २२ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांना एक टेराबाइटची हार्ड डिस्क म्हणजे जेमतेम साडेअकरा दिवस. पंधरवड्याने गावाहून परतल्यावर पहिल्या दिवसाचे दृश्य पुसले गेलेले असेल. शिवाय गल्ल्याखाली ठेवलेला रेकॉर्डर चोर गल्ल्याबरोबरच नेतो. तो कुलपात ठेवावा आणि त्याला व राउटरला लहानसा यूपीएस जोडावा.

कॅमेरा इंटरनेटला जोडला की तो एक संगणकच झाला. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. आपल्या सरकारनेही एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची केली आहे. खरेदी करताना त्या नियमानुसार नोंदणी झाली आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये. बसविणाऱ्या माणसाने ठेवलेला पासवर्ड तो गेल्याबरोबर बदलावा.

आता जरा नाजूक विषय. आपल्यापैकी अनेकांचे कर्ते पुरुष मस्कत, कुवेत, दुबईला आहेत आणि घरचे दृश्य तेथे मोबाइलवर पाहतात. दरवाजा, अंगण, जिना पाहणे योग्यच. परंतु बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावला की घरातली आई, पत्नी, सून दिवसभर कोणाच्या तरी नजरेखाली वावरते. तिला विचारले होते काय? २०२५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने, सहनिवाशांच्या संमतीवाचून घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालविणे हा त्यांच्या खाजगीपणाचा भंग होय असे ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळलेला कॅमेरा भांडणाचे मूळ होतो, हे तर मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक आहे. दुकानातील नोकरांनाही कॅमेरा आहे हे सांगावे, पाटी लावावी.

चोरी झालीच, तर घाईने रेकॉर्डर उघडू नये. मूळ नोंद जपून पोलिसांना कळवावे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. रेकॉर्डरचे घड्याळ वीस मिनिटे मागे असेल तर वकिलाला आयताच मुद्दा मिळतो. ते घड्याळ महिन्यातून एकदा तपासण्याचे काम घरातील विद्यार्थ्याकडे द्यावे.

सभेनंतर मी येथेच आहे. दार किती रुंद आणि कॅमेऱ्याची जागा दारापासून किती दूर, हे ज्यांनी मोजून आणले असेल, त्यांच्याबरोबर बसून लेन्स ठरवू.