पौंड नव्हे, लिटर विचारा



काल इथे इतिहासावर व्याख्यान झालं, उद्या आरोग्यावर आहे आणि मध्ये आज कॉम्प्रेसर. हा विषय काल्हेरात घ्यायचं कारण सभागृहाच्या बाहेरच उभं आहे. अंजूरफाट्यापासून कशेळीपर्यंत गोदामांसमोर जे मोठे ट्रक लागतात, त्यांच्या इंजिनावर हवेच्या ब्रेकसाठी कॉम्प्रेसर असतोच. ज्यांच्या घरात पिढीभर ट्रक आहेत, त्यांच्याच मुलांनी आता थार नाहीतर जिम्नी घेतली आहे. ती मुलं मला विचारतात, "काका, दीडशे पीएसआयचा घेऊ की तीनशेचा?"

चाकात भरायची आहे बत्तीस पीएसआयची, आपल्या बोलीत बत्तीस पौंडांची हवा. मग तीनशे कशाला?

चिखला-वाळूत जाताना आधी चाकातली हवा सोडायचीच का, ते बघू. थारचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास, म्हणजे एका चाकावर साधारण ४४० किलो. चाकात ३२ पौंड हवा असताना जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने ३० चौरस इंचांचा असतो. हवा १६ वर आणली की तो दुपटीच्या जवळ जातो; टायरच्या ताठपणामुळे पुरता दुप्पट होत नाही, इतकंच. तो रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो. म्हणून मुरबाडकडच्या पावसाळी चिखलात किंवा नदीपात्रातल्या वाळूत गाडी रुतायची थांबते. समुद्रकिनारा मी मुद्दाम वगळतो. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस कारवाई करतात, आणि योग्यच करतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याकडे पाण्यातून थेट वाळूवर चढणारा 'डक' नावाचा ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरला बसल्या जागेवरून चाकांतली हवा कमी-जास्त करता येई. आपल्याला खाली उतरून निपल दाबावं लागतं. त्याचंही काही नाही, हवा सोडायला काही मिनिटंच लागतात. पण तशाच मऊ चाकांनी डांबरी रस्त्यावर वेगात निघालात, तर टायरची भिंत तापून फाटते किंवा वळणावर टायर रिमवरून उतरतो. म्हणजे परत हवा भरायची, आणि तीही जिथे पंक्चरवाला नाही तिथे.

आता हिशेब. थारच्या १८ इंची चाकात ६५ लिटरच्या आसपास जागा असते. १५ वरून ३२ वर न्यायला बाहेरची साधारण ७५ लिटर हवा आत कोंबावी लागते. चार चाकांची मिळून ३०० लिटर. कॉम्प्रेसरने चाकातल्या दाबाविरुद्ध मिनिटाला खरोखर २० लिटर दिली तर पंधरा मिनिटं, ६० दिली तर पाच. खोक्यावर ठळक छापलेला पीएसआय म्हणजे यंत्र कुठवर ढकलू शकेल ती हद्द. त्या हद्दीपाशी हवा जवळजवळ येतच नाही. आणि त्याच्या शेजारी लिटरचा जो आकडा असतो, तो बहुधा नळी मोकळी सोडून मोजलेला. दुकानदाराला विचारा, तीस पौंडांना मिनिटाला किती? उत्तर देता आलं नाही, तर पुढच्या दुकानात जा. भिवंडीत ज्यांनी एअरजेट माग चालवलेत त्यांना हे सांगायलाच नको. तिथे बाणा हवेच्या झोताने पलीकडे जातो आणि कारखानदार कॉम्प्रेसर घेताना किती दाबाला किती सीएफएम हेच विचारतो. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सव्वाअठ्ठावीस लिटर.

दुसरी गोष्ट उष्णतेची. हवा दाबली की तापते. तीस अंशांची हवा एका झटक्यात ३२ पौंडांपर्यंत दाबली, तर हिशेबाने तिचं तापमान दीडशे अंशांच्या घरात जातं. म्हणून छोटे कॉम्प्रेसर दोन चाकांनंतर हात लावू देत नाहीत. सलग किती मिनिटं चालेल आणि मग किती थांबवायचा, हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते दिलेलं नसेल, तर तो कॉम्प्रेसर सायकलसाठी ठेवा.

पण माझा खरा आग्रह विजेचा आहे. लोक पंधरा हजारांचा कॉम्प्रेसर घेतात आणि तारेत दोनशे रुपये वाचवतात. डॅशबोर्डवरच्या सॉकेटचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १० अँपिअर म्हणजे १२० वॉट; तेवढ्यात फक्त पिचका पंप चालतो. बऱ्या कॉम्प्रेसरला ३० अँपिअर लागतात, दोन सिलिंडरचे ६० च्याही पुढे जातात. ही वीज थेट बॅटरीवरूनच घ्यायची. बॅटरी पुढे आणि कॉम्प्रेसर मागे डिकीत, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर तार झाली. घरच्या वायरिंगमधली अडीच एमएमची तार टाकलीत, तर ३० अँपिअरला वाटेतच सुमारे १.७ व्होल्ट खर्ची पडतात. मोटर मंद फिरते, तार मात्र गरम होते. दहा एमएमच्या तारेत हीच घट ०.४ व्होल्टवर येते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. कॉम्प्रेसरजवळ लावलेला फ्यूज मधली तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर काहीच करत नाही, आणि गाडी पेटते ती तिथेच. चालू-बंद करायला रिले लावा. ३० अँपिअर डॅशबोर्डच्या बटणातून नेऊ नका.

बॅटरीची धास्ती नको. ३० अँपिअर पंधरा मिनिटं म्हणजे साडेसात अँपिअर-तास, ६० च्या बॅटरीचा आठवा हिस्सा. तरी इंजिन चालू ठेवा आणि रेस जराशी वर धरा, कारण नुसत्या आयडलिंगवर अल्टरनेटर पुरेशी वीज देईलच असं नाही.

जुन्या एमएम ५४० जीपवाल्यांना आणखी एक वाट आहे. एसीचा पिस्टनवाला कॉम्प्रेसर पट्ट्यावर बसवून त्याची हवा वापरायची. हवा भरपूर मिळते, अल्टरनेटरवर भारही नाही. पण तेलाचं बघावं लागतं: ज्या कॉम्प्रेसरला वंगण एसीच्या गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलातून मिळतं, तो नुसत्या हवेवर जाम होतो. ज्याची स्वतःची तेलाची टाकी असते, तोच टिकतो. नव्या थारमध्ये हा उद्योग करू नका. एसी जाईल आणि वॉरंटीही.

ट्रकवाल्यांनी मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तुमच्या ब्रेकच्या टाकीत आठ बार, म्हणजे ११६ पौंडांच्या आसपास दाब असतो. ट्रकच्या स्वतःच्या चाकाला शंभराच्या पुढे हवा लागते, तिथे ती शेवटी रेंगाळते. मुलाच्या थारला मात्र धो-धो पुरते. मीटरशिवाय नळी जोडू नका, कारचा टायर तेवढ्या दाबासाठी नसतो. आणि मोठ्या ट्रकची वीज सहसा २४ व्होल्टची. थारचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर तिथे लावलात तर मोटर जळेल.

बसवायचं ठिकाण ज्याच्या त्याच्या गाडीप्रमाणे. बॉनेटखाली जागा मिळते पण उष्णता जास्त, सीटखाली थंड पण आवाज. कुठेही बसवा, हवा ओढणारा फिल्टर उंचावर न्या, कारण ओढा ओलांडताना तो पाणी ओढेल. टाकी लावली असेल तर तिचा तळाचा कॉक उघडून पाणी काढत जा. आपल्याकडची खाडीची दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीतच राहतं. ट्रकची टाकी रिकामी करणाऱ्या कुठल्याही क्लीनरला विचारा, तो दाखवेल.